शेंड्यात औषध, गायरीत दुखणं

श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर माझ्या मामांची वाडी आहे. ५० गुंठे. मधून पाट, वर माड, खाली पोफळी, दोन-चार जायफळं आणि माडांवर चढवलेली मिरवेल. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्याला लागलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. संध्याकाळी मामांनी वाडीत पाऊल टाकलं तेव्हा ८४ पैकी ५१ माड आडवे होते. पोफळी मोजण्याच्या फंदात कुणी पडलंच नाही.

ही नोंद त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झालेल्या दुखण्याची, माडाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याची आहे. त्यावर आम्ही झाडपाल्याचे, पेंडीचे बरेच उपाय केले. काही लागू पडले, काही वाया गेले, एक तर अंगाशी येता येता राहिला. मी कृषी पदविका केलेला, पण पोट दुसऱ्याच नोकरीवर भरणारा भाचा. महिन्या-दोन महिन्यांनी वाडीत जायचं आणि वहीत टिपायचं, एवढंच माझं काम. खरी मेहनत मामा-मामींची.

पडलेल्या माडांचं काय झालं, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. पंचनामा होईपर्यंत कुणी काही हलवेना. पंचनामा झाला तोवर पाऊस धो धो लागला. करवतवाले सगळ्या किनाऱ्यावर एकाच वेळी हवे होते, त्यामुळे त्यांचे भाव परवडेनात. घराच्या वाटेवरची खोडं तेवढी कापून, लोटत लोटत पूर्वेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लावली. बाकीची पडली होती तिथेच राहिली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यावरून सरकलं, त्यात झावळ्यांचा आणखी खच पडला. तो गोळा करून मामींनी गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकला. 'खत तरी होईल,' म्हणाल्या. त्या जूनमध्ये ५१ खड्ड्यांत बाणवली जातीच्या माडाची ५१ रोपं लागली.

२०२२ च्या श्रावणात मामांचा फोन आला. 'अरे, रोपांची पानं कुणी कात्रीने कापल्यासारखी दिसतायत. आणि दोनांचा कोंब हाताने ओढला तर सरळ हातात आला.'

रोपांची पानं पंख्यासारखी, दोन्ही बाजूंनी सारखी तिरकी कापलेली होती. गेंड्या भुंग्याची ही सही आहे. भुंगा उमललेलं पान खात नाही. मधली सुई, म्हणजे न उघडलेल्या पानांची सुरळी, तो बाजूने पोखरतो आणि आत शिरून गाभ्याचा रस शोषतो. घड्या घातलेला कागद एका जागी कातरून उलगडला की सारखी नक्षी दिसते, तसं ते पान उघडल्यावर दिसतं. भोकाच्या तोंडाशी चावून टाकलेल्या तंतूंचा ओलसर भुसा असतो. मोठा माड हे सोसतो, फार तर पोयीला (फुलोऱ्याला) भोक पडून एखादा घड जातो. दीड वर्षाच्या रोपाचा वाढणारा कोंबच पोखरला गेला तर रोप मेलं म्हणायचं. त्या ऑगस्टअखेर मोजणी केली: ५१ पैकी १९ रोपांना इजा, त्यातली ७ मेलेली.

एका रोपाच्या भोकात मामांनी तारेचा आकडा घालून भुंगा बाहेर काढला. अंगठ्याएवढा, काळा कुळकुळीत, पोटाखाली तांबूस लव, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. शिंग आखूड होतं आणि शेपटाकडे तांबूस केसांचा झुबका होता, म्हणजे मादी. एक मादी आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. मामांनी तिला दगडाने ठेचलं आणि म्हणाले, 'एक गेली. बाकीच्या कुठायत?' प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शोधायला मात्र आम्ही पुढचे आठ महिने घालवले.

पहिला उपाय मला विचारून केलेला नव्हता. मामांनी मला फोन करायच्या आधीच बाजारातून कडुनिंबाचं तेल आणलं होतं, साबणाच्या पाण्यात फेटून पाठीवरच्या पंपाने सगळ्या रोपांवर मारलं होतं. आठवड्याने शेजारच्या मुलाने मोबाइलवर दाखवलेला दशपर्णी अर्क केला. निरगुडी, कण्हेर, रुई, घाणेरी, सीताफळाचा पाला, जे मिळालं ते सगळं पिंपात महिनाभर कुजवलं. वास असा की मामी पिंपाकडे जाताना नाकाला पदर लावायच्या. फवारणी झाली, तासाभरात सर आली, सगळं धुऊन पाटात गेलं.

इथे मामांचं मत झालं की झाडपाल्याची औषधं म्हणजे मनाचं समाधान. मी वाद घातला. अर्क चुकीचा नव्हता, जागा चुकली होती. निंबातलं मुख्य द्रव्य म्हणजे ॲझाडिरॅक्टिन. त्याने कीड तडकाफडकी मरत नाही. तिचं खाणं सुटतं, कात टाकण्याची क्रिया बिघडते. म्हणून कोवळ्या पानावर बसून खाणाऱ्या लहान अळ्या, तुडतुड्यांची पिल्लं यांच्यावर ते चांगलं चालतं. उन्हात ते काही दिवसांत निकामी होतं आणि कोकणच्या पावसात तेवढेही दिवस टिकत नाही. गेंड्या भुंगा पूर्ण वाढलेला, कात टाकून मोकळा झालेला आणि सुरळीच्या आत बसलेला. पानावर काय फवारलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

मग फोरेटचा विषय निघाला. आमच्याकडे जुन्या वाड्यांत फोरेटच्या दाण्यांची भोकं पाडलेली पुडी पानाच्या बेचक्यात ठेवायची पद्धत होती. अतिविषारी औषध. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून ते बंद झालं. म्हणजे निसर्गने पाडलेली खोडं कुजायला लागली नेमक्या त्याच सुमारास जुना उपायही बाजारातून गेला. मामांच्या एका मित्राकडे जुनी अर्धी पिशवी उरली होती. मामी म्हणाल्या, 'विहीर कुठाय आणि पाट कुठनं येतो ते बघा आधी. ती पिशवी वाडीत आली तर मी माहेरी गेले समजा.' पिशवी आली नाही.

मी सुचवलं ते नवीन काही नव्हतं. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेची जुनी शिफारस आहे: २५० ग्रॅम निंबोळी पेंडीची भुकटी, तितकीच बारीक वाळू, दोन्ही एकत्र करून शेंड्याजवळच्या आतल्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत भरायची. वर्षातून तीनदा, मे, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये. भुंगा बेचक्यातूनच सुरळीत घुसतो, म्हणून पेंड त्याच्या दारातच पडते. कडवटपणा आणि उग्र वास त्याला नको होतो. वाळूबद्दल जुने लोक सांगतात की कण त्याच्या मानेच्या सांध्यात जातात आणि त्याला पोखरणं जड जातं. पेंड सावलीत, खोबणीत असते, त्यामुळे ऊन तिला खात नाही. पावसाने हळूहळू झिरपली तरी खाली माडाला खतच मिळतं. तीच निंब, फक्त फवाऱ्याऐवजी पेंडीच्या रूपात आणि योग्य खाचेत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं सर्वांत जास्त इथे आहे.

अडचण अशी की कडुनिंब हे मुळात घाटावरचं झाड. आमच्या जांभ्यात आणि तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसात ते रमत नाही. गावात एक आहे, देवळाच्या मागे, तेही रोगट. त्यामुळे पेंड घाटावरून आणि दुकानातूनच येणार. सप्टेंबरमध्ये बाजाराच्या गावातल्या एका दुकानातून मामांनी पोतं आणलं आणि दोन दिवस खपून सगळ्या रोपांना भरलं. मेलेल्या ७ खड्ड्यांत नवी रोपं लावली होती, त्यांनाही. ऑक्टोबरात मी गेलो तेव्हा बेचक्यात पांढरी बुरशी होती आणि दोन रोपांत मुंग्यांनी घर केलं होतं. निंबोळी पेंडीत मुंग्या? पोत्यात उरलेली चिमूटभर जिभेवर ठेवली. मातीची चव. खरी पेंड जिभेवर ठेवली की अर्धा तास तोंड कडू राहतं, चहासुद्धा कडू लागतो. भेसळ नक्की कुणी केली, दुकानदाराने की त्याच्या वरच्याने, ते कळायला मार्ग नव्हता. तेव्हापासून मामा पोतं उघडून, चाखून मगच पैसे देतात. दुकानदार हसतात. हसू देत.

डिसेंबरात घाटावरच्या तेलघाण्यावरून ओळखीने खरी पेंड आणली. पिवळट तपकिरी, तेलकट, बोटाला चिकटणारी. शिफारशीतले २५० ग्रॅम हे मोठ्या माडाचं माप आहे, दीड-दोन वर्षांच्या रोपाच्या बेचक्यात ते मावतच नाही. आम्ही १०० ग्रॅमच्या आसपास मिश्रण घातलं आणि जिथे भोक दिसलं तिथे आधी आकडा फिरवून मग भोकातही दाबलं. उरलेल्या ३३ मोठ्या माडांवर चढायला माणूस लागतो. त्याची मजुरी पेंडीच्या खर्चाच्या दुपटीवर गेली, म्हणून नंतर नारळ पाडायला तो चढेल तेव्हाच कमरेला पिशवी बांधून पेंड वर न्यायची, असं ठरलं. तारखा शिफारशीबरहुकूम जुळल्या नाहीत. चालतं.

पेंडीचा गुण आला की नाही हे बघताना सुरुवातीला आम्ही स्वतःलाच फसवत होतो. जानेवारीत मामा म्हणाले, 'काही उपयोग नाही, कापलेली पानं अजून निघतायत.' माडाला महिन्याला साधारण एक पान येतं. आज उघडलेलं कापीव पान सुरळीत असताना कापलं गेलेलं असतं, म्हणजे कित्येक आठवड्यांपूर्वी. वरून तिसरं-चौथं पान कापलेलं असेल तर तो गेल्या पावसाळ्याचा हिशेब आहे. माड उभा राहून सगळं सांगत असतो, फक्त ते उशिराने. म्हणून मोजायचं ते पान सोडून भोकाशी असलेला ताजा भुसा. वहीत मी 'जुनी कापणी' आणि 'ताजा भुसा' असे दोन रकाने केले, तेव्हा कुठे चित्र दिसायला लागलं.

मे २०२३ मध्ये पेंड कमी पडली. पूर्वेच्या गडग्याजवळची ८ रोपं तशीच राहिली. मी मनातून खूश झालो, कारण तुलनेला रोपं मिळाली. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, 'माझी रोपं काय तुझ्या परीक्षेची आहेत?' पण पुढचं पोतं यायला जुलै उजाडला. त्या पावसाळ्यात पेंड भरलेल्या ४३ पैकी ५ रोपांत ताजा भुसा दिसला, न भरलेल्या ८ पैकी ४ मध्ये, आणि त्यातली २ मेली. आकडे दिसायला छान. पण ती आठ रोपं जिथे होती तिथेच गडग्याला कुजकी खोडं रचलेली होती. भुंगा जिथे जन्मतो त्याच्या दाराशी ही रोपं, आणि भरलेली त्याच्यापासून लांब. मग फरक पेंडीचा की अंतराचा? दोन्हीचा असणार. किती कुणाचा ते या वाडीतून काढता येणार नाही, आणि काढता येतं असं कुणी सांगितलं तर माझा त्यावर विश्वास बसणार नाही.

आता त्या खोडांकडे येतो. मामांचा 'बाकीच्या कुठायत?' हा प्रश्न मे २०२३ मध्ये सुटला, तोही चुकून. गायरीतलं खत रोपांना घालायला मामी फावड्याने ओढत होत्या. प्रत्येक फावड्यात पांढऱ्या, इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या, बोटाएवढ्या जाड अळ्या. मामींना वाटलं हुमणी. पण हुमणी मुळं खाते आणि इतकी दांडगी नसते. ह्या तळहात व्यापणाऱ्या, तपकिरी डोक्याच्या, ढुंगणाकडे आतलं शेण निळसर दिसणाऱ्या. गेंड्या भुंग्याच्याच. त्या एका सकाळी गायरीतून १४० निघाल्या. मग गडग्याजवळचं एक खोड कुऱ्हाडीने उभं फोडलं. बाहेरून टणक, आतून ओल्या तंबाखूसारखा भुगा, आणि त्या १२ फुटांत ६३. पोरांनी बादलीत मोजल्या. कोंबड्यांना मेजवानी झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून एक भारद्वाज त्या फोडलेल्या खोडावर ठाण मांडून बसला.

भुंगा नुकसान करतो तो फक्त प्रौढ झाल्यावर. अळी माडाला हातही लावत नाही, ती कुजलेल्यावर वाढते, चार-सहा महिने. म्हणजे शेंड्यात आम्ही पेंड भरत होतो आणि गायरीत, गडग्याला, स्वतःच्या हाताने भुंगे पाळत होतो. हे फक्त आमच्याकडे घडलं असंही नाही. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर हा भुंगा २००७ मध्ये सापडला. २०१५ मध्ये तिथे डॉल्फिन वादळ झालं, आणि पडलेल्या झाडाझुडपांच्या ढिगांतून त्याची मोठी लाट उठली. सामोआत तर तो १९०९ मध्येच श्रीलंकेहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर पोचला होता. वादळ आणि गेंड्या भुंगा ही जोडी जुनीच आहे. आमच्या किनाऱ्यावर २०२० नंतर रोपं वाटली गेली, भरपाई वाटली गेली, पण पडलेली खोडं उचलायला मदत कमी पडली. नवं रोप आणि कुजकं खोड शेजारी-शेजारी, हे त्या वर्षी किती वाड्यांत होतं ते मी स्वतः पाहिलंय.

गायरीसाठीही एक झाडपाल्याचा उपाय आहे आणि तो कोकणी माणसाला पेंडीपेक्षा सोपा आहे. भांडिरा नावाचं झुडूप गडग्याकडेला, पडीक जागेत रानोमाळ उगवतं. मोठी केसाळ पानं, चुरगळली की उग्र वास, उन्हाळ्याच्या तोंडाला पांढऱ्या फुलांचे तुरे. ते मुळासकट उपटून, तुकडे करून खताच्या वजनाच्या १० टक्के मिसळायचं, हीसुद्धा कासरगोडचीच शिफारस. त्यातल्या द्रव्यांनी अळीची वाढ बिघडते, ती नीट कोषात जात नाही. आम्ही टनभर खताला अंदाजे क्विंटलभर भांडिरा मिसळला. ऑगस्टमध्ये उलथलं तेव्हा १९ अळ्या मिळाल्या, त्यातल्या तीन-चार काळपट, सुकत चाललेल्या. पण १४० हाताने वेचल्यावरचे हे १९ आहेत. भांडिऱ्याला पूर्ण श्रेय देता येत नाही. फुकट मिळतं, खतालाही अपाय नाही, म्हणून दरवर्षी घालतो.

एक उपाय सांगायला मला लाज वाटते. एरंडी पेंड पाण्यात भिजवून मडक्यात ठेवली की आंबलेल्या वासाने भुंगे येतात आणि पडतात. १ किलोला ५ लिटर पाणी. मी मामांना ते करायला सांगितलं आणि एक गोष्ट सांगायला विसरलो: एरंडी पेंडीत रायसिन असतं, आणि ते जनावरांना विष आहे. तिसऱ्या दिवशी वाडीतल्या कुत्र्याने मडक्यात तोंड घातलं. ओकाऱ्या, रक्ताचे जुलाब, जमिनीवर पडून राहिला. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, चार दिवसांनी उभा राहिला. मामी चार महिने माझ्याशी सरळ बोलल्या नाहीत. मडकी आता माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, वर जाळी बांधून टांगतो. झाडापासून आलेलं म्हणजे गुणकारीच, असं समजणाऱ्यांनी एरंड आठवावा, नाहीतर ओढ्यातले मासे गुंगवायला वापरतात ते गेळ्याचं फळ. ओतायच्या आधी पाणी कुठे जातं ते बघावं, हे मामींनी फोरेटच्या वेळी सांगितलं होतं. पेंडीलाही तेच लागू आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात ५१ पैकी ४ रोपांना ताजी इजा झाली, एकही मेलं नाही. पूर्वेच्या ओळीत तरीही एका रोपाच्या बुंध्याशी कान लावला तेव्हा करकर ऐकू आली, आणि भोकातून तपकिरी पाणी गळत होतं. तो सोंड्या भुंगा, माडाची दुसरी कीड. गेंड्याने केलेल्या जखमेत तो अंडी घालतो आणि त्याची अळी आतून खाते. तिथे पेंड-बिंड काही चालत नाही. ते रोप मुळासकट काढून फोडून जाळलं. गेंड्याला रोखणं हेच सोंड्याला रोखणं, असं आता मामाच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

आमच्या हद्दीतली खोडं संपली. काही फोडून चुलीला गेली, काही पाटावर साकव म्हणून टाकली, तीही दरवर्षी बदलायची. गायरी वर्षातून दोनदा उलथली जाते. राहिली ती गडग्यापलीकडची. शेजारची वाडी चाकरमान्यांची, मालक डोंबिवलीला. त्यांच्याकडे वादळातली अकरा खोडं अजून तशीच लोळतायत, वर शेवाळ आणि नेचे उगवलेत. मामांनी दोनदा फोन केला. 'गणपतीत येतो तेव्हा बघू,' दोन्ही वेळा हेच उत्तर. गेल्या गणपतीत ते आले, पाचव्या दिवशी विसर्जन करून गेले. आता मामांनी फोनवरच विचारलं, 'मी फोडू का? लाकूड तुमचंच, फक्त मला फोडू दे.' ते म्हणाले, 'फोडा की, त्यात काय विचारता.'

मामांनी त्याच दिवशी कुऱ्हाडीला धार लावून घेतली.